'हो, समजलं' म्हणणाऱ्या मुलाला नेमकं काय समजलेलं असतं?

प्रश्न थोडक्यात असा: माझा भाचा साडेसोळा वर्षांचा आहे. लहानपणापासून एडीएचडी (लक्ष टिकत नाही, एका जागी बसवत नाही) आणि वाचन-लेखनाची अडचण, गोळी चालू. वडील गेल्यापासून तो गप्प गप्प झाला. वयाने मोठ्या दोन मुलांबरोबर मोटारसायकल चोरीच्या केसमध्ये पकडला गेला. चौकीत एका कागदावर सही केली. नऊ दिवस निरीक्षण गृहात (केस चालू असताना मुलांना ठेवतात तिथे) होता, आता जामिनावर घरी आहे. बाल न्याय मंडळासमोर (अल्पवयीन मुलांच्या केसेस तिथे चालतात) 'सगळं समजलं' म्हणाला, पण घरी आल्यावर वकील कोण, पुढची तारीख कशासाठी, काही सांगता येईना. अशा मुलाला आपले हक्क कळतात का? त्याचा आजार मंडळाला सांगावा की लपवावा? बहीण म्हणते, कबूल करून टाकू दे, सुटेल एकदाचा. (मी शिक्षक आहे, कायद्यातलं काही कळत नाही.)

उत्तर:

सर, तुम्ही शिक्षक आहात म्हणून सुरुवात वर्गातूनच करते. 'समजलं का रे?' असं विचारलं की साठ माना हलतात. त्यातल्या खऱ्या किती, ते चाचणीच्या दिवशी कळतं. मंडळासमोर तो चाचणीचा दिवस येतच नाही. मान हलली की पुढचं प्रकरण.

मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे. एकोणीस वर्षं निरीक्षण गृहांमध्ये जाते आहे. सुरुवातीची दोन-तीन वर्षं मीही 'समजलं का' असंच विचारायचे आणि 'हो मॅडम' ऐकून निवांत व्हायचे. एकदा एका मुलाला सहज म्हटलं, 'तुझ्या धाकट्या भावाला सांगायचं झालं तर काय सांगशील, जामीन म्हणजे काय?' तो म्हणाला, 'जामीन म्हणजे केस संपली. आता परत यायचं नाही.' तो मुलगा पुढच्या तारखेला आलाच नसता. मग वॉरंट, मग परत आत, आणि कागदावर लिहिलं गेलं असतं की 'मुलगा सहकार्य करत नाही'.

तेव्हापासून 'समजलं का' हा प्रश्न मी सोडला. आता सांगायला लावते. जी उत्तरं येतात ती ऐकून आधी हसू येतं, मग पोटात गोळा येतो. 'वकील म्हणजे मोठ्या मॅडमचा (म्हणजे मॅजिस्ट्रेटचा) माणूस.' 'गप्प राहायचा हक्क म्हणजे आत मोठ्याने बोलायचं नाही.' मी एक प्रश्न नेहमी विचारते: 'त्या खोलीत तुझ्या बाजूने कोण होतं?' कितीतरी मुलं त्यांना घेऊन आलेल्या शिपायाकडे बोट दाखवतात. त्याने वाटेत वडापाव दिलेला असतो. आणि सगळ्यात जास्त मुलांच्या डोक्यात पक्कं बसलेलं उत्तर असं, की हक्क म्हणजे साहेबांनी दिलेली सवलत. नीट वागलं तर मिळते, उलट बोललं तर काढून घेतात.

हे फक्त आपल्या मुलांचं नाही. अमेरिकेत थॉमस ग्रिसो नावाच्या मानसशास्त्रज्ञाने 1980 च्या आसपास हाच विषय हाताळला. मुलांना हक्काचं वाक्य वाचून दाखवायचं आणि त्यांच्याच शब्दांत परत सांगायला लावायचं. त्यांच्याकडेही बऱ्याच मुलांना 'राइट' म्हणजे परवानगी वाटत होती, न्यायाधीश काढून घेऊ शकेल अशी. पुढे 2003 साली ग्रिसो आणि सहकाऱ्यांनी 11 ते 17 वयाची 927 मुलं आणि 18 ते 24 वयाचे 466 तरुण तपासले. खटला चालताना आपलं काय चाललंय हे समजण्यात 11 ते 13 वयातली साधारण एक तृतीयांश आणि 14-15 वयातली एक पंचमांश मुलं इतकी कमी पडली, की तेवढी कमी पडणाऱ्या मनोरुग्ण प्रौढाला तिथलं न्यायालय खटल्यासाठी बहुधा असमर्थ ठरवेल. 16-17 ची मुलं सरासरीने मोठ्यांच्या जवळपास होती. म्हणजे भाच्याचं वय तसं त्याच्या बाजूने आहे. पण सरासरीत एडीएचडी नसतो, आणि वडिलांचा मृत्यूही नसतो.

तिकडे हा प्रश्न इतका पेटला त्याचं कारण वेगळं आहे. इंग्रजी सिनेमात पोलीस हातकडी घालताना हक्क वाचून दाखवतो, ते 1966 च्या मिरांडा निकालामुळे. तिथे आरोपी, बऱ्याच ठिकाणी अगदी लहान मुलगासुद्धा, 'मला वकील नको, मी बोलतो' म्हणून तो हक्क सोडून देऊ शकतो. म्हणून त्याला समजलं होतं की नाही यावर पुढचं सगळं ठरतं.

आपल्याकडे कायदा इथे वेगळ्या वाटेने जातो, आणि ही गोष्ट वकिलांपैकीही अनेकांच्या ध्यानात नसते. बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम 2015 मध्ये कलम 3 आहे, मूलभूत तत्त्वांचं. त्यातलं एक तत्त्व सांगतं की मुलाचा कोणताही हक्क सोडून देता येत नाही. मुलाने स्वतः सोडला, आईने त्याच्या वतीने सोडला, मंडळाने सोडायला लावला, तरी ते सोडणं ग्राह्य नाही. त्याने हक्क वापरला नाही म्हणजे सोडला, असंही धरता येत नाही. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं निम्मं उत्तर इथे आहे: भाच्याला हक्क कळले नाहीत म्हणून ते गेले नाहीत. त्याच्या 'हो, समजलं' मुळे काही बुडालेलं नाही.

उरलेलं निम्मं उत्तर मात्र कडू आहे. हक्क कागदावर शाबूत राहिला तरी तो मागणारं कुणी लागतं. त्याच कायद्याचं कलम 8 मंडळावर जबाबदारी टाकतं की प्रक्रियेच्या प्रत्येक टप्प्यावर मुलाचा आणि पालकांचा समजून-उमजून सहभाग असला पाहिजे. लागेल तिथे दुभाषी द्यायचा, विधी सेवा प्राधिकरणामार्फत वकील द्यायचा. नियम तर सांगतात की मंडळाची खोली न्यायालयासारखी दिसता कामा नये, उंच चौथरा नको, पिंजरा नको. कायदा करणाऱ्यांनी मुलाच्या भीतीचा विचार केला होता, हे मी मान्य करते. पण खोलीबाहेर वीस जण रांगेत असतात आणि प्रत्येकाच्या वाट्याला काही मिनिटं येतात. तेवढ्या वेळात 'समजलं का' हाच एक प्रश्न बसतो.

आता मानसिक आजाराकडे येते, कारण तुमच्या प्रश्नाचा गाभा तोच आहे. लोकांना वाटतं मानसिक आजार असला की मूल वेड्यासारखं वागेल, म्हणजे लगेच कळेल. निरीक्षण गृहात जे त्रास मी जास्त पाहते ते असे कळतच नाहीत. ते शहाण्या मुलासारखे दिसतात, नाहीतर उर्मट मुलासारखे.

एडीएचडी असलेला मुलगा वाक्याचा पहिला भाग ऐकतो आणि शेवटचा सोडतो. 'तुला वकील मिळेल, पैसे लागणार नाहीत, आणि वकील येईपर्यंत तू काही सांगायची गरज नाही' या वाक्यातलं त्याच्या हाती लागतं 'वकील' आणि 'पैसे'. घरी येऊन तो सांगतो, वकिलाला पैसे लागणार आहेत. शिवाय अशा मुलाला थांबून राहणं हीच मुळात शिक्षा असते. तीन तास बाकावर बसवलं आणि 'इथे सही कर, मग जा' म्हटलं तर तो सही करणारच. कागदावर काय आहे हे त्याच्यासाठी दुय्यम असतं, उठायला मिळतंय हे मुख्य. तुमचा भाचा नऊ दिवस गोळीशिवाय होता का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. माझा अंदाज आहे की होता. एडीएचडीची गोळी अचानक बंद झाली तर सहसा जिवाला धोका नसतो, पण लक्ष जे काही जागेवर असतं तेही जातं. (फिटची किंवा झोपेची गोळी चालू असेल तर मात्र ती एकदम थांबवणं धोक्याचं. हे इतर वाचणाऱ्यांसाठी लिहून ठेवते.)

वाचनाच्या अडचणीबद्दल तुम्हाला मी काय सांगणार. पण एक बघा: सरकारी मराठी तुम्हा-आम्हालाही दोनदा वाचावी लागते. 'विधिसंघर्षग्रस्त बालक' हा शब्द मुलाला हिणवणारा 'गुन्हेगार' शब्द टाळण्यासाठी आणला, हेतू फार चांगला. पण ज्याच्यासाठी आणला त्याला तो उच्चारता येत नाही. एका मुलाने मला विचारलं होतं, 'मॅडम, मला तो कुठला रोग झालाय?' आणि हा मराठी घरातला मुलगा. गोरमाटी, पारधी, भिलोरी बोलणाऱ्या किंवा बिहारहून आलेल्या मुलाचं काय होत असेल याचा विचार करा. तिथे दुभाषी मागायचा असतो. दुभाषी मागितला गेलाय असं मी फार क्वचित पाहिलं.

सौम्य बौद्धिक अक्षमता सगळ्यात फसवी. ही मुलं बोलायला चटपटीत असतात, रस्त्यावरचं व्यवहारज्ञान भरपूर, म्हणून कुणाला शंका येत नाही. बुद्ध्यांक त्याहून थोडा वर, 70 ते 84 च्या पट्ट्यात असेल तर सवलती मिळवून देणारं दिव्यांगतेचं प्रमाणपत्रही सहसा मिळत नाही. आयुष्यभर न समजल्याबद्दल मार खाल्लेला असतो, त्यामुळे न समजलेलं झाकायची कला त्यांच्या अंगात मुरलेली असते. समोरचा माणूस ज्या सुरात विचारतो त्या सुरातून उत्तर ओळखतात. 'तूच दगड मारलास ना?' हो. 'म्हणजे तू मारला नाहीस?' नाही मारला. दोन्ही उत्तरं एकाच मुलाची, पाच मिनिटांच्या अंतराने. पोलिसांना ती खोटं बोलणं वाटतात.

मग नशेचा भाग. व्हाइटनर, पंक्चरचं सोल्युशन, गांजा, आता शहरांमध्ये एमडी (मेफेड्रोन). पहिले तीन-चार दिवस अशी मुलं घामाघूम असतात, झोप नाही, चिडचिड, हात थरथरतात. बरोबर त्याच दिवसांत त्यांचं पहिलं म्हणणं घेतलं जातं, कारण पकडल्यापासून 24 तासांत मंडळासमोर हजर करायचं असतं. हजर करण्याची घाई योग्यच आहे, ती मुलाच्या भल्याची आहे. पण त्या दिवशी समजावलेलं काहीही आठवड्याभराने पुन्हा समजवावं लागतं, हे कुणी तरी फाइलवर लिहायला हवं.

आणि नैराश्य. तुमचा भाचा वडील गेल्यापासून गप्प आहे, असं तुम्ही लिहिलंय. खचलेल्या मुलाची अडचण समजण्याची नसते. त्याला सगळं समजतं, फक्त त्याचा उपयोग काय, हे वाटेनासं झालेलं असतं. 'वकील हवा का?' 'काय फरक पडतो.' असा मुलगा स्वतःहून हक्क मागणार नाही. उलट शिक्षा झाली तर बरंच, असं कुठेतरी वाटत असतं. वडिलांच्या आजारपणात आपण नीट वागलो नाही, आता भोगायलाच हवं, असा हिशोब पंधरा-सोळा वर्षांची पोरं मनातल्या मनात मांडतात. मी ऐकलेल्या कबुल्यांपैकी काही या हिशोबातून आल्या होत्या, गुन्ह्यातून नाही. भाच्याच्या तोंडून 'मी नसतो तर बरं' अशा अर्थाचं काही आलं असेल तर केस बाजूला ठेवा आणि आजच त्याच्या डॉक्टरांना गाठा. रात्री-बेरात्री टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक आहे, मराठीत बोलता येतं.

गप्प राहण्याबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण इथे आपलं घरचं वळणच आडवं येतं. राज्यघटनेचं कलम 20(3) म्हणतं की आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला भाग पाडता येत नाही. पण आपल्या घरात मोठ्यांनी विचारल्यावर न बोलणं म्हणजे माज. 'तोंडात काय गुळणी धरलीस?' हे ऐकत आपण सगळे वाढलो. आता तोच मुलगा चौकीत खाकी कपड्यातल्या काकांसमोर गप्प बसण्याचा हक्क वापरेल, ही अपेक्षाच विनोदी आहे. आणि वापरलाच, तर त्याचं 'उत्तर देत नाही, पश्चात्ताप दिसत नाही' असं होतं. मार किंवा अत्याचार सोसलेली मुलं तर घाबरल्यावर दगड होतात, नाहीतर हसतात. ते हसू बेफिकिरीचं नसतं. घाबरलेल्या शरीराला दुसरं काही सुचलेलं नसतं. मी अहवालात हे एक वाक्य दरवेळी लिहिते: 'मुलाचं हसणं हे भीतीचं लक्षण आहे.' एकदा मंडळाच्या एका सदस्याने मला बोलावून विचारलं, खरंच असं असतं का. मला फार बरं वाटलं. निदान वाचलं तरी होतं.

आता तुमच्या हातातल्या गोष्टी.

चौकीतल्या सहीची तुम्हाला धास्ती आहे. केंद्राच्या 2016 च्या आदर्श नियमांनुसार पोलिसांनी मुलाला कोणत्याही जबाबावर सही करायला सांगायचंच नसतं. कबुलीसाठी दबाव आणायचा नसतो, कोठडीत ठेवायचं नसतं, हातकडी घालायची नसते, गणवेशात चौकशी करायची नसते. पालकांना हजर राहता येतं. गरज असेल तर विशेष शिक्षक बोलावता येतो, आणि हे तुमच्या भाच्याला थेट लागू होतं. दुसरं म्हणजे पोलिसांपुढची कबुली मुळात पुरावा म्हणून चालत नाही. पूर्वी पुरावा कायद्यात ते कलम 25 होतं, 1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम 23. त्या सांगण्यावरून एखादी वस्तू सापडली असेल तर तेवढा तुकडा वापरता येतो. म्हणून वकिलाला विचारा: गाडी कुठे आणि कुणाच्या सांगण्यावरून मिळाली?

वकील नेमलेला आहे की नाही हेच तुम्हाला माहीत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात जा, ते सहसा जिल्हा न्यायालयाच्या आवारातच असतं. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम 1987 प्रमाणे प्रत्येक मुलाला मोफत वकील मिळतो, घरचं उत्पन्न कितीही असो. फोन करायचा तर 15100. वकील भेटले की त्यांना सांगा, तारखेच्या आधी पंधरा मिनिटं मुलाशी एकट्याने बोला. तुम्ही आणि बहीण बाहेर थांबा. आईसमोर मुलं खरं सांगत नाहीत, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत.

एफआयआरमधली कलमं बघून घ्या. नुसती चोरी, म्हणजे भारतीय न्याय संहितेचं कलम 303(2) असेल, तर पहिल्या वेळेला त्याला जास्तीत जास्त तीन वर्षांची शिक्षा आहे. बाल न्याय कायद्याच्या भाषेत हा किरकोळ गुन्हा. किरकोळ गुन्ह्याची चौकशी मंडळासमोर पहिल्यांदा हजर केल्यापासून चार महिन्यांत संपवायची असते, फार तर दोन महिने वाढवून मिळतात. तेवढ्यातही संपली नाही तर प्रकरण बंद होतं. त्या दोन मोठ्या मुलांचा खटला वेगळ्या न्यायालयात चालेल, भाच्याला त्यांच्याबरोबर उभं करता येत नाही. आणि त्यांनी त्याला हाताशी धरलं असेल, तर मुलाला बेकायदा कामाला लावणाऱ्या प्रौढासाठी बाल न्याय कायद्याच्या कलम 83 मध्ये सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाखांपर्यंत दंड आहे. मुलं हे सांगत नाहीत, 'मित्राला कसं अडकवू' म्हणतात. वकिलाने विचारायला हवं.

इथे बहिणीचा मुद्दा येतो. 'कबूल कर आणि मोकळा हो' हा सल्ला मुलांना बाकावर बसल्या बसल्या सगळेच देतात. आतली जुनी मुलं देतात, ओळखीचा हवालदार देतो, कधी कधी वकीलही. व्यवहार म्हणून त्यात तथ्य नाही असं नाही. बाल न्याय कायद्याच्या कलम 18 खाली मंडळ समज देऊन घरी पाठवू शकतं, समुपदेशन लावू शकतं, काही तास समाजसेवा लावू शकतं, आणि किरकोळ चोरीत पहिल्या वेळेला बहुतेक वेळा असंच काहीतरी होतं. पण भाच्याने गाडीला हात लावला होता की तो नुसता मागे बसला होता? गाडी चोरीची आहे हे त्याला आधी माहीत होतं का? हे प्रश्न त्याला कुणी शांतपणे विचारलेत असं तुमच्या लिहिण्यावरून दिसत नाही. जे केलं ते कबूल करणं वेगळं, आणि बाकावर बसवत नाही म्हणून कबूल करणं वेगळं. एडीएचडी आणि नैराश्य एकत्र असलेल्या मुलाच्या बाबतीत मी दुसरी शक्यता आधी धरते. बहिणीला हे माझ्या वतीने सांगा. तिची घाई मला कळते. नवरा गेलेला, पोरगा आत गेलेला, एकटी बाई दुसरं काय म्हणणार?

आजार सांगावा की लपवावा? सांगा. हे मी बिनदिक्कत सांगते, आणि लोकांना याचीच सगळ्यात जास्त भीती वाटते. 'वेडा म्हणून शिक्का बसेल, पुढे नोकरी, लग्न...' मंडळातल्या कागदपत्रांवरून मुलाची ओळख उघड करायला त्याच कायद्याच्या कलम 74 ने मनाई आहे. कलम 24 नुसार अशा प्रकरणामुळे पुढे कुठलीही अपात्रता चिकटत नाही आणि ठरलेल्या मुदतीनंतर नोंदी नष्ट करायच्या असतात. उलट न सांगण्याचं नुकसान रोकडं आहे. त्याचं गप्प राहणं उर्मटपणा ठरेल आणि चुळबुळ बेफिकिरी.

सांगताना मात्र एक घोळ होऊ देऊ नका. 'आजार आहे' म्हटलं की अर्धवट ऐकणाऱ्याला वाटतं की तुम्ही 'वेडाच्या भरात केलं' असा बचाव घेताय. तो बचाव म्हणजे न्याय संहितेचं कलम 22, आणि त्याच्याशी एडीएचडीचा काही संबंध नाही. चौकशी समजण्याइतकीही मनाची अवस्था नसणं हा आणखी निराळा विषय आहे, त्याची प्रक्रिया वेगळी, आणि भाच्याची परिस्थिती तिथवर गेलेली दिसत नाही. तुम्हाला मागायचं आहे ते एवढंच, की याला समजेल अशा पद्धतीने सांगा. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 मध्ये शिकण्याची विशिष्ट अक्षमता आणि मानसिक आजार दोन्ही आहेत, आणि त्याचं कलम 12 न्यायापर्यंत पोहोचताना अशी मदत मिळण्याबद्दलच आहे. वकिलांना अर्ज साधा लिहायला सांगा: एका वेळी एकच प्रश्न विचारावा, छोटी वाक्यं असावीत, उत्तराला वेळ द्यावा, मध्ये पाच मिनिटं उठू द्यावं, शक्यतो सकाळच्या गोळीचा असर असताना नंबर घ्यावा. सोबत डॉक्टरांच्या चिठ्ठ्या आणि शाळेतल्या सवलतीचे कागद. दहावीला लेखनिक किंवा जादा वेळ मिळाला असेल तर तो कागद सोन्यासारखा, कारण तो केसच्या आधीचा आहे.

हेच कागद परिविक्षा अधिकाऱ्यांनाही (प्रोबेशन ऑफिसर, घरी येऊन मुलाची माहिती घेणारे) द्या. मुलाबद्दलचा सामाजिक तपासणी अहवाल ते दोन आठवड्यांत देतात. बऱ्याच घरांना वाटतं, आले आणि चहा पिऊन गेले. तो चहा फार महत्त्वाचा असतो. मंडळ मुलाला जेवढं ओळखतं ते त्या अहवालातून. तुमच्याकडे अहवाल होऊन गेला असेल तर पुरवणी माहिती द्यायला त्यांना भेटा.

प्राथमिक मूल्यांकनाबद्दल, म्हणजे मुलाला मोठ्यांसारखं चालवायचं का हे ठरवण्याआधीच्या तपासणीबद्दल, कुणी घाबरवलं असेल, 'सोळाच्या वर आहे, मोठ्यांच्या कोर्टात जाईल' म्हणून, तर ते डोक्यातून काढा. बाल न्याय कायद्याच्या कलम 15 चं ते मूल्यांकन फक्त घोर गुन्ह्यांसाठी आहे, ज्यांना किमान सात वर्षांची शिक्षा आहे. मोटारसायकल चोरी त्यात येत नाही. 2024 मध्ये पुण्याच्या कल्याणीनगरच्या अपघातानंतर टीव्हीवर सगळीकडे तीच चर्चा चालली, 300 शब्दांच्या निबंधावरून लोक संतापले, आणि तेव्हापासून प्रत्येक आई मला विचारते की माझ्या पोरालाही 'मोठा' धरतील का.

पण विषय निघालाच आहे तर माझ्या धंद्यातली एक बोच सांगते. सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये गुरुग्रामच्या एका प्रकरणात स्पष्ट केलं की मंडळात बालमानसशास्त्राची किंवा बालमनोविकारशास्त्राची पदवी असलेलं कुणी नसेल, तर या मूल्यांकनात तज्ज्ञांची मदत घेणं बंधनकारक आहे. निकाल योग्यच. म्हणून आमच्यासारख्यांना बोलावणं येतं. मुलाच्या दृष्टीने मी कोण असते? डॉक्टर मॅडम. डॉक्टरला खरं सांगायचं असतं. तो घडाघडा बोलतो. पोलिसांना सांगितलं नसेल ते मला सांगतो, आणि मी ते लिहिते. मग हक्काचं कवच माझ्या टेबलावरच गळून पडतं. म्हणून आता पहिली दहा मिनिटं मी एवढंच करते. 'आज मी तुझ्यावर उपचार करायला आलेले नाही. तू सांगशील ते मी लिहून मॅडमना देणार. त्या दिवशी काय झालं ते मला सांगायची गरज नाही. आता तू मला सांग, मी इथे कशाला आलेय?' बरोबर उत्तर येईपर्यंत पुढे जात नाही. एका मुलाला चार वेळा सांगावं लागलं. पाचव्यांदा तो म्हणाला, 'म्हणजे तुम्ही पेपर तपासणाऱ्या. शिकवणाऱ्या नाही.' इतकं नेमकं मला कधी सांगता आलं नव्हतं. तेव्हापासून मी तेच वाक्य वापरते.

घरी तुम्ही हेच करा, आणि ते काम मामाचं आहे, आईचं नाही. एका दिवशी एकच गोष्ट, दहा मिनिटांच्या वर नाही, आणि चालता चालता. एडीएचडी असलेल्या मुलाला समोर बसवून सांगितलेलं कमी पोचतं. पहिल्या दिवशी फक्त खोलीत कोण कोण असतं: मधल्या मॅजिस्ट्रेट, शेजारचे दोन सदस्य, कोपऱ्यातले सरकारी वकील, आणि आपला वकील. पाच जण, कागदावर गोल काढून. यातला तुझ्या बाजूचा कोण, हे त्याने बोट ठेवून दाखवायचं. दुसऱ्या दिवशी, वकिलाला जे सांगशील ते वकील कुणाला सांगत नाही. तिसऱ्या दिवशी, न समजलेलं न समजलं म्हणायचं, त्याने कुणी रागावत नाही, आणि रागावलं तरी म्हणायचं. हे तिसरं सगळ्यात अवघड आहे. त्याच्याकडून दहा वेळा म्हणून घ्या, मोठ्याने, अगदी याच शब्दांत: 'मॅडम, मला हे समजलं नाही. परत सांगा.'

वर्गात हे वाक्य तुम्हाला किती मुलांकडून ऐकायला मिळतं, ते मला कळवा. तारीख झाली की भाच्याने ते म्हटलं का, तेही कळवा.